गोळी, कॉफी आणि वडिलांची चाल

माझा आवाज एकदम गेला नाही. आधी जड झाला, मग घोगरा, मग वरच्या स्वराला गेलं की फाटायला लागला. आमची भजनमंडळी तंजावूरकडून मद्रासेत आलेल्या मराठी घरांची. राधाकल्याणाच्या, म्हणजे राधा-कृष्णाच्या लग्नाच्या, उत्सवात आम्ही एक अभंग म्हणतो, त्याची चाल माझ्या वडिलांची. ती कुणी टेप केलेली नाही. मीच म्हणत आलो, दुसऱ्या कुणाला म्हणू दिली नाही. शिक्षण तिसरीपर्यंत, जन्म गेला टी. नगरातल्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडण्यात. चार माणसांत मान मिळाला तो या गळ्यामुळे.

सून म्हणाली, “मामंजी, तोंड सुजलंय तुमचं. भर मे महिन्यात शाल घेऊन बसता. रक्त तपासू या.”

तपासलं. थायरॉईड मंदावलाय म्हणे. डॉक्टरीणबाईंनी रोज सकाळची एक बारीक गोळी दिली. आवाज सुधारेल का विचारलं, तर म्हणाल्या, “बहुधा.” मी ते ‘हो’ म्हणूनच ऐकलं.

सुनेने त्यात भर घातली: हाडांसाठी कॅल्शियम, अशक्तपणावर लोह. आमच्या घरात अंघोळ-पूजा झाल्याशिवाय तोंडात काही जात नाही, आणि पूजेनंतर पहिली जाते ती डिकॉक्शनची कॉफी. मी सगळ्या गोळ्या एकदम तोंडात टाकून त्या कॉफीबरोबर गिळायचो. पाण्याने गोळी घेतात ती आजारी माणसं.

पुढच्या तपासणीत टीएसएचचा आकडा वाढला. मी खूश झालो. शाळेत वाढलेला आकडा चांगलाच असायचा. सून म्हणाली, “अहो, हा उतरायला हवा! थायरॉईड मंदावला की हा चढतो.” गोळी मोठी झाली. आकडा आणखी वर गेला.

“अय्या, गोळी घेता कशी?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्यांच्या तमिळमध्ये ‘अय्या’ म्हणजे ‘साहेब’. सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. “कॉफी, कॅल्शियम, लोह, सगळी मिळून तिला पोटातच अडवतात. उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर घ्या. कॉफी तासाभराने. बाकीच्या दुपारी जेवल्यावर.”

“पूजेच्या आधी?”

“देव रागावला तर माझ्याकडे पाठवा.”

मी उठून निघालो. इतक्या वर्षांचा नेम मी कुणा बाईच्या सांगण्यावरून मोडणार नव्हतो. बरेच दिवस मोडला नाहीच. शेवटी सुनेनेच सुनावलं, “देवाला तुमचं सोवळं नकोय मामंजी, त्याला ती चाल हवीय. ती गेली तर काय वाहाल, कॉफी?” दुसऱ्या दिवशी पाण्याबरोबर गोळी घेतली आणि देवाकडे न बघता अंघोळीला गेलो.

आकडा उतरला. सूज गेली, शाल कपाटात गेली. आवाज नाही आला. घशाच्या डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं आणि म्हणाले, वय आहे, आता एवढाच. सगळे म्हणतात, रिपोर्ट किती छान आलाय. मी त्या छान रिपोर्टचं काय करू?

यंदा उत्सवाच्या आधी आमच्यात नवीन आलेली एक मुलगी समोर बसली. नागपूरची, मद्रासेबाहेर श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहे. “आजोबा, नुसतं गुणगुणा. मी पकडते.”

मी गुणगुणलो. जिथे चाल वर चढून वळते तिथे माझ्या गळ्यातून नुसती खरखर आली. तिने अंदाजाने म्हटलं. “तसं नाही,” मी म्हणालो. पुन्हा खरखर. हाताने हवेत वळण काढून दाखवलं. हाताने चाल कळते होय? तिने पुन्हा म्हटलं. गोड होतं, पण ते दुसरंच काहीतरी होतं, आणि कुठे चुकतंय ते मला म्हणून दाखवता येईना.

उत्सवात मंडळींनी तेच उचललं. टाळ जोरात वाजले. मी नाही, नाही, अशी मान हलवत राहिलो. लोकांना वाटलं, म्हातारा दाद देतोय.