मी पाठवलेले व्हिडिओ

आमच्या घरात बालपोषणाचं ज्ञान सगळ्यांना होतं, फक्त माझ्या लेकीच्या ताटात ते कधी पडलं नाही. मी दिवसभर ऑफिसात, पोरगी सासूबाईंपाशी. जीव लावायच्या त्या, खोटं कशाला बोलू? पण ती रडली की वाटीत शेव, भूक लागली की चहात बुडवलेला टोस्ट. मग दुपारी वरणभाताला तिनं तोंड फिरवलं की म्हणायच्या, पेट भरलंय तिचं.

तोंडावर बोलायची माझी छाती नव्हती. त्या रुसल्या असत्या तर पोरीला कोण बघणार होतं? म्हणून मी मोबाइलवरून टोमणे मारायचे. मुलांची वाढ खुंटते त्याचे व्हिडिओ सारखे यायचे, पहिली दोन वर्षं वाया घालवू नका, डाळ द्या, अंडं द्या. ते मी त्यांना पाठवायचे. त्या हात जोडल्याचं चित्र टाकायच्या आणि व्हिडिओ पुढे ढकलायच्या, देपालपूरला, आपल्या लेकीला. तिची पोर माझ्या पोरीपेक्षा पाच महिन्यांनी लहान.

आणि मी तरी कोण मोठी शहाणी लागून गेले होते? सातला घरी आले की मीही तिच्यापुढे शेवच ठेवायचे, निवांत मोबाइल बघता यावा म्हणून. व्हिडिओ लाइक केला की काहीतरी केल्यासारखं वाटायचं.

अडीच वर्षांची झाली तेव्हा डॉक्टरांनी तिला मापाच्या पट्टीशी उभं केलं. उंची वयाच्या मानानं बरीच कमी निघाली. मी घाईघाईनं सांगायला लागले, पहिली दोन वर्षं, डाळ, अंडं, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, पता तो सब है आपको."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आता नीट खाऊ घाला, म्हणाले, पण मागचं सगळं भरून येईलच असं नाही.

त्याच महिन्यात नणंद लेकीला घेऊन आली. म्हणाली, "वहिनी, तुमचा एकही व्हिडिओ मी सोडला नाही. सासरी बोलणी खाल्ली, पण रोज अंडं दिलं हिला." मनापासून आभार मानत होती बिचारी. माझा मात्र जळफळाट झाला.

मग तिनं पिशवीतून एक फ्रॉक काढला. तिच्या पोरीला आखूड झालेला, नवाच्या नवा. मी माझ्या लेकीला घातला तर खांद्यावरून उतरायला लागला. नणंदेनं मान खाली घातली.

सासूबाई म्हणाल्या, "असू दे गं, ठेवून दे. पुढच्या साली येईल."