बिनडोळ्यांचा परग्रहवासी

आमचा 'धूमकेतू' बँड बंद पडून जमाना झाला. गाणी पाचच होती, किस्से मात्र वाढतच चाललेत! त्यातले अर्धे गिटारवाल्या सुध्याने रचलेत असा माझा जुना संशय आहे. पण व्हिडिओचे किस्से खरे, कारण ड्रम वाजवायला आणि शिव्या खायला मी स्वतः हजर होतो.

*

नव्वदीत केबलवर गाण्यांचं चॅनेल आलं आणि आम्हाला व्हिडिओचं वेड लागलं. गोष्ट अशी, की परग्रहवासी चंद्रावर उतरतो आणि आम्ही रॉक वाजवून त्याचं स्वागत करतो. त्याचं मुंडकं करायला पेणमध्ये कारागिरांना काय तोटा! रामवाडीला नानांच्या गणपती कारखान्यात गेलो. नानांनी कागदाच्या लगद्याचं झकास मुंडकं केलं, हिरवा रंग दिला आणि ब्रश खाली ठेवला.

"नाना, डोळे?"

नानांनी चष्म्यावरून आम्हाला न्याहाळलं. "हा चांगला का वाईट?"

"ते गाण्यात ठरलेलं नाही."

"मग डोळ्यांची आखणी नाय! कोणाकडे कसं बघायचं ते ठरल्याबिगर मी डोळे उघडत नाय."

परग्रहवासी बिनडोळ्यांचाच राहिला.

*

चंद्र म्हणून खाडीकाठचं मिठागर निवडलं. पांढरंशुभ्र! आम्ही चंदेरी सूट घातलेले, रोह्याचे लग्नाचे शूटिंगवाले दिलीपभाऊ ट्रायपॉड लावतायत, तोच मिठागराची मालकीण हिराबाई फावडं घेऊन आली. कुठलीशी कंपनी खाडीकाठ घेणार, अशी तेव्हा कुजबुज होती.

"मोजनीवाले का रं तुमी?"

"नाय गो मावशी," सुध्याने शहाणपणा केला, "आमी परग्रहावरून आलोय!"

"तितून बी आले जमिनी घ्यायला?"

सगळे हसलो. पण ती फावडं आडवं धरून वाटेतच उभी राहिली. "सासऱ्यापासनं मीठ काढतोय हितं. ही जागा गेली तर आमी खायचं काय?" मला माझ्या चंदेरी सूटची लाज वाटली.

तिने शूटिंग करू दिलं, नंतर मुंडकं मात्र कोणी केलं ते विचारून स्वतःकडे ठेवून घेतलं. "खरंच गानी करता का ते दाखवा, मग न्या!"

*

दिलीपभाऊ तिच्या वरताण संशयी. आम्ही कॅमेरा पळवू म्हणून पट्टा मनगटाला बांधून शूटिंग केलेलं! एडिटिंगला बसलो तर परग्रहवासी यानातून उतरतोय तो बदामाच्या आकाराच्या चौकटीत, वरून गुलाबाच्या पाकळ्या.

"दिलीपभाऊ, हा नवरदेव नाही हो!"

"पॅकेजमध्ये आहे. काढलं तर उद्या तुम्हीच बोंबलाल, कमी दिलं म्हणून!"

चॅनेलने तो व्हिडिओ कधीच दाखवला नाही.

*

महिन्याभराने मी आणि सुध्या कॅसेट घेऊन मुंडकं आणायला गेलो. वाटेत मोजणीवाल्यांची जीप परत जाताना दिसली. पुढच्या सीटवरचा साहेब मागे वळून वळून बघत होता.

बांधावर बांबू, बांबूवर आमचं मुंडकं. आणि त्याला डोळे!

हिराबाई ते मांडीवर घेऊन एसटीने पेणला नानांकडे गेली होती म्हणे.

"नानांनी विचारलं असेल, चांगला का वाईट?"

"इचारलं की. मी बोलले, आमाला चांगला, मापं घेनाऱ्याला वाईट."

घराकडचा डोळा अगदी गणपतीचा, मायाळू. रस्त्याकडचा वटारलेला; त्याच्यासमोर सुध्या उभा राहिला आणि दोन पावलं मागे सरला.

मी कॅसेट पुढे केली. "मावशी, आम्ही खरंच गाणी करतो. आता मुंडकं नेऊ?"

हिराबाईने कॅसेट पदरात बांधली.

"न्या की. त्याला इचारा!"