जास्तीची पाच मिनिटं

कारखान्यात काकांना सगळे ‘अजूनपाच’ म्हणत. औषधाची भुकटी मिसळणारा ड्रम ठरल्यापेक्षा पाच मिनिटं जास्त फिरवायचा, ही त्यांची सत्तावीस वर्षांची सवय होती. अंगचोरपणा त्यांना ठाऊकच नव्हता.

यंदा मात्र गोळ्या पाण्यात वेळेवर विरघळेनात. दोष कोणाचा, हे शोधायला प्रयोगशाळेत एक यंत्र लावलं. ते गोळीच्या पृष्ठभागावरून कण उडवतं आणि त्यांच्या वजनावरून पदार्थ ओळखतं. तिथल्या मॅडमनी काकांना पडद्यावर गोळीचं चित्र दाखवलं.

“काका, निळं ते औषध. पिवळी ती शेवटी घालायची गुळगुळीत भुकटी, गोळी साच्याला चिकटू नये म्हणून.”

“पण सगळं पिवळंच दिसतंय. नीट मिसळलं नाही का मी?”

“उलट, फार मिसळलंत. प्रत्येक कणावर तिचा लेप बसलाय. पाणी आत शिरणार कुठून?”

“म्हणजे जास्त राबलो म्हणून बिघडलं? आणि इतकी वर्षं कसं चाललं?”

“या खेपेची ती गुळगुळीत भुकटी फार बारीक आहे, लवकर पसरते.”

“मग दोष माझा की तिचा?”

“दोघांचा, काका. अहवालात तुमचं नाव लिहावं लागेल.”

ते डोकं खाजवत राहिले. आळसाबद्दल बोलणी खाणारे त्यांनी पाहिले होते, कष्टाबद्दल कोणीच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्रम ठरल्या वेळी बंद केला. पाच मिनिटं शिल्लक राहिली. काय करावं ते कळेना, म्हणून फडकं घेऊन ते स्वच्छ ड्रमच पुसू लागले.