बाबांची टोपी कोणी काढली?

मला राग आला की मी भांडी घासते. डिशवॉशर असताना, हाताने. त्या दिवशी मी कुकरची शिट्टीसुद्धा टूथब्रशने घासली, यावरून काय ते समजा.

नवऱ्याने वाढदिवसाला मला माझे वडील भेट दिले होते. पत्र्यावर छापून.

उइटहॉर्न या डच गावातल्या आमच्या घराच्या हॉलमध्ये आधीपासून दोन पत्रे होतेच. त्याला मेटल प्रिंट म्हणतात, पण मी पत्राच म्हणणार. एकावर तीन-चारशे वर्षांपूर्वीचा कुणी डच व्यापारी, गळ्यात परातीएवढी लेसची कॉलर. दुसऱ्यावर त्याच काळातली एक बाई, आमच्या चहाला नावं ठेवल्यासारखे ओठ मिटलेली. नवऱ्याने स्लोटरडाइकच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी घरी असलं पाहिलं आणि लगेच मागवलं. भाड्याचं घर, भिंतीला भोक पाडायचं नाही, आणि हे म्हणे लोहचुंबकाच्या पट्टीवर बसतात. "किती क्लासी दिसतंय बघ," म्हणाला. मी म्हटलं, "कोण लागतात हे आपले?" तो हसला, आणि मीही सोडून दिलं.

लेक पाच वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये. सकाळी शाळेला निघताना बूट चढवत ती या दोघांना हात करायची. "दाख, मेनेर. दाख, मेव्राउ." म्हणजे येते हं साहेब, येते हं बाई. परक्या मोठ्या माणसांशी असं बोलायचं, हे तिला शाळेत शिकवलेलं. मला तेव्हा गंमत वाटायची.

तर तिसरा पत्रा. माझे बाबा साताऱ्याजवळ दूध डेअरीत फॅट तपासायचे. डोक्यावर कायम पांढरी टोपी, आईने खळ घालून कडक केलेली. डेअरीत टोपी, लग्नात टोपी, दवाखान्यात टोपी. आमच्याकडे यायचं म्हणून पासपोर्ट काढायला गेले, तर फोटोसाठी टोपी काढायला लावली. चार दिवस धुसफुसत होते. पासपोर्ट आला, बाबा काही आले नाहीत. लेक तेव्हा आठ महिन्यांची होती.

नवऱ्याने त्यांचा फोटो कुठल्याशा साइटवर टाकला. तिथे म्हणे कुणालाही ऐतिहासिक पोर्ट्रेट करून देतात. खोका उघडला तर माझे बाबा काळ्या मखमली कोटात, गळ्यात लेसची कॉलर. रंग दोन हात उजळलेला. आणि टोपीच्या जागी कुरळे तपकिरी केस! अहो, टक्कल होतं माझ्या बापाला!

"सेट पूर्ण झाला," नवरा म्हणाला. खुशीत होता मेला.

"टोपी कुठाय?"

"अगं, त्या दोघांच्या शेजारी टोपीतला फोटो मॅच नसता झाला."

"मॅच? मेलेल्या माणसाने तुझ्या भिंतीला मॅच व्हायचं? आयुष्यात ज्यांनी कधी टोपी फिरवली नाही, त्यांची तू फिरवलीस!"

"प्रेमाने केलंय गं. तू ना, कशाचंही काहीही करतेस."

प्रेमाने! तिथून मी उठले ती थेट सिंकपाशी गेले.

तेवढ्यात नवऱ्याने लेकीला उचलून पत्रा दाखवला. "हे बघ, तुझे आजोबा. ओपा." तिने त्या गार पत्र्याची पापी घेतली. बाबांचा चेहरा तिने असा पहिल्यांदाच पाहिला होता. मी साबणाच्या हातांनी बघत राहिले. तिच्यादेखत तो खाली कसा काढणार? दुसऱ्या दिवसापासून तिची यादी वाढली. "दाख, मेनेर. दाख, मेव्राउ. दाख, ओपा!" ओपा म्हणताना आवाज चढायचा. माझ्या अंगाचा रोज तिळपापड व्हायचा आणि रोज मी तिचं दप्तर उचलून निघायचे.

एका रविवारी आईचा व्हिडिओ कॉल चालू होता. लेक फोन घेऊन घरभर पळत होती. अचानक आई म्हणाली, "थांब बाळा, मागे घे जरा." मग चष्मा पुसून पडद्याजवळ सरकली. डोळ्यांवरून ओळखलं असणार तिने.

"ह्यांची टोपी कोणी काढली?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा बाथरूममध्ये जाऊन बसला.

"आणि मी दिलेला चंदनाचा हार?"

तो हार खणात होता. टोपीतल्या खऱ्या फोटोसकट, टेबलक्लॉथखाली. आणि तो तिथे नवऱ्याने नव्हता ठेवला, मी ठेवला होता. बाबा गेल्यावर फोटो घेऊन इथे परतले, तेव्हा मीच म्हणाले होते की हॉलमध्ये हार घातलेला फोटो बरा दिसत नाही, डच पाहुणे बिचकतात, लेक घाबरेल. जरा मोठी झाली की दाखवू, म्हणाले होते. पाच वर्षांची झाली तरी दाखवला नव्हता. नवऱ्यावर एवढी आग पाखडली, पण बाबांना मॅच होत नाहीत म्हणून आधी बाजूला कोणी केलं होतं? मीच!

मग मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. खरा फोटो पत्र्यावरच छापून घेतला. टोपी, टक्कल झाकलेलं, रंग होता तसा. पट्टीला हार अडकेना, घसरून पडायचा, म्हणून सरळ खिळा ठोकला. घरमालक काय बोलेल ते बोलेल. बाबांचा कॉलरवाला पत्रा लेक झोपेतून उठायच्या आत माळ्यावर टाकला. नवरा म्हणाला, "तिला आधी सांगायचं तरी." मी म्हटलं, "माझ्या बापाची ओळख काय करून द्यायची? रक्त ओळखतं."

ती बूट घालायला आली. वर बघितलं, हाराकडे, टोपीकडे. मी म्हटलं, "बघ, ओपा."

तिने नाही अशी मान हलवली. काढलेल्या पत्र्याच्या रिकाम्या जागी शोधल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं. मग शाळेत शिकवल्याप्रमाणे, शहाण्या मुलीसारखा, माझ्या बाबांना हात केला.

"दाख, मेनेर."