मुलगी बघायला नेलेला ट्रान्झिस्टर

दोन ठिकाणांहून नकार आल्यावर मी ठरवलं, तिसरी मुलगी बघायला नुसत्या चेहऱ्याच्या भरवशावर जायचं नाही. ट्रान्झिस्टर घेऊन जायचं. तीन बँड, चामडी कव्हर, तबकडीवर दिवा आणि ओढली की वितभराची हातभर होणारी एरियल! बंगळुराबाहेरच्या येलहंक्याला जाणाऱ्या बसमध्ये मामाशेजारी ती पूर्ण ओढूनच बसलो होतो. लोकांना दिसायला नको? उतरताना ती दारात अडकली आणि तिचा वरचा निम्मा भाग बसबरोबर पुढे गेला.

मुलीच्या वडिलांना सगळे अण्णा म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलंच घराणं, बोलण्यात मधूनच कानडी यायचं. मला बघून ते नुसतं "या" म्हणाले. ट्रान्झिस्टर बघून उठून उभे राहिले.

"शॉर्टवेव्ह आहे? मग लावा की! विलायतेत मॅच चाललीय."

लावला. खरखर. काटा केसभर सरकवला, तर शिट्टी. शेवटी खिडकीशी जाऊन एरियलच्या थोटकाला बोट लावलं आणि कॉमेंट्री खणखणीत! बोट काढलं की पुन्हा खरखर.

"हलू नका हो!" अण्णा ओरडले.

मी तसाच उभा, खोलीकडे पाठ करून. मागे बांगड्या वाजल्या, उप्पिटाचा वास आला. मुलगी आली होती. जरा मान वळवली, तर फलंदाज गायब.

"अय्यो, स्वल्प डावीकडे!" अण्णा.

"अरे, मुलगी बघ!" माझा मामा दातओठ खात.

कुणाचं ऐकू? समोर बांधलेली म्हैस तेवढी माझी नीट बघून झाली.

एवढ्यात मुलगीच खिडकीशी आली. "द्या इकडे. उप्पिट गार होतंय."

तिनं दोन बोटांत थोटूक धरलं मात्र, कॉमेंट्री शेजारच्या खोलीतून आल्यासारखी स्वच्छ!

"सरी, बरोब्बर!" अण्णा खूश. "तुम्ही बसा आता. जरा लांबच बसा."

म्हणजे ट्रान्झिस्टर हवा आणि नको तो मीच! कोपऱ्यात बसून उप्पिट खाता खाता मी तिच्याकडे पहिल्यांदा बघितलं. ती ओठ दाबून हसू आवरत होती. आणि मला धडकी भरली. आधीचे दोन नकार मी पचवले होते. हा पचला नसता.

लंचसाठी खेळ थांबला, तेव्हा मामानं घसा साफ केला. "मग अण्णा, मुलगा कसा वाटला?"

"कुठला मुलगा?"

मामाचा चेहरा पडला. उत्तर खिडकीतून आलं, एरियल न सोडता.

"बरे आहेत, अण्णा. उभे राहा म्हटलं की राहतात, बसा म्हटलं की बसतात."