भोंगा वस्तीपर्यंत येत नाही

"पुढं."

सर म्हणाले आणि मी बटण दाबलं. पडद्यावरचं पान बदललं. पुन्हा "पुढं." पुन्हा बटण. बारामतीतल्या आमच्या कॉलेजचं सभागृह. समोर पुण्याहून आलेले तीन तज्ज्ञ, माइकसमोर आमचे विभागप्रमुख सर आणि लॅपटॉपशेजारी उभी मी. खुर्च्या नव्हत्या असं नाही. चिकार रिकाम्या होत्या. पण आत शिरतानाच सर म्हणाले होते, "मॅडम, तुम्ही लॅपटॉपपाशी थांबा. आणि चहाचंही जरा बघा."

चहाचं बघितलं. बिस्किटंसुद्धा मांडली. मग माझंच काम दुसऱ्याच्या तोंडून ऐकत उभी राहिले.

प्रस्ताव माझा होता. अक्षर न् अक्षर माझं. देशाचं संरक्षण, सुरक्षा आणि आपत्तीची पूर्वतयारी यांवरच्या संशोधनाला निधी देणारी योजना निघाली होती. माझा प्रश्न साधा होता. धोक्याचा भोंगा वाजतो तेव्हा तो नक्की कुणाकुणाला ऐकू येतो?

हा प्रश्न मला पुस्तकात सापडला नाही. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, भवानीनगरच्या पुढं, नीरेच्या काठाला. गाव उंचावर, आमची बौद्ध वस्ती खाली नदीकडं, आणि मध्ये ऊस. भोंगा ग्रामपंचायतीच्या गच्चीवर. तीन पावसाळ्यांपूर्वी वरच्या धरणातून पाणी सोडलं तेव्हा तो वाजला. गावानं ऐकला, जनावरं सोडली, सामान हलवलं. आम्ही ऐकलाच नाही. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा कळलं. शेजारची गंगूकाकी खुंट्याची शेळी सोडायला गेली ती परत आली नाही. तिसऱ्या दिवशी उसात सापडली.

पंचायतीच्या वहीत लिहिलंय, भोंगा वाजवून ग्रामस्थांना सूचना दिली. ते खोटं नाही. वाजवला होता. आम्हीच त्यांच्या ग्रामस्थांत बसत नव्हतो.

तेव्हापासून मी मोजायला लागले. आवाज मोजायचं यंत्र कॉलेजात होतं, पण ऐकू आलं का ते यंत्र सांगत नाही. म्हणून वस्तीतल्या बारा बायका उभ्या केल्या. पंचायतीपासून वस्तीपर्यंत, बांधाबांधानं, शंभर-शंभर पावलांवर. प्रत्येकीच्या हातात लांब वेळू, टोकाला लुगड्याची लाल चिंधी. पंचायतीला सांगून भोंगा वाजवायला लावायचा; तो ऐकू आला की वेळू उंच करायचा. आई सगळ्यात शेवटी, वस्तीच्या तोंडाशी. मी पाण्याच्या टाकीवर चढून बघायची.

एप्रिलमध्ये ऊस कारखान्याला गेलेला, रान मोकळं. बाराच्या बारा चिंध्या वर आल्या. ऑगस्टमध्ये ऊस दीड पुरुष उंच. पहिल्या तीन चिंध्या वर आल्या, पुढं काही नाही. भोंगा वाजून थांबला, मी टाकीवरून उतरून वस्तीपाशी गेले, तरी आई वेळू धरून वाट बघत उभी. म्हणाली, "कवा वाजिवनार हायती गं?"

सगळं संशोधन त्या एका वाक्यात आहे. सरकारी चाचणी दरवर्षी पावसाळ्याआधी होते, मोकळ्या रानात. दरवर्षी भोंगा पास. पूर मात्र ऊस उभा असताना येतो. म्हणून वस्तीत वेगळा भोंगा बसवायचा, हा माझा प्रस्ताव.

हे सगळं लिहून मी सरांकडं नेलं, कारण कॉलेजच्या शिफारसपत्राशिवाय अर्ज जात नाही. सर बोलायला गोड. घरी चार पिढ्यांचा ऊस. दोन दिवसांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "काम चांगलंय. पण हे संरक्षणाचं आहे मॅडम. प्रमुख संशोधक म्हणून तिथं वजनदार नाव लागतं. तुम्ही सहसंशोधक राहा. तुमच्या लोकांसाठी वेगळ्या योजना असतात की. त्यात टाकू तुमचं नाव पुढं."

आणि हसले. पीएच.डी. त्यांची आहे, माझीही आहे. नोकरीला लागून मला अकरा वर्षं झाली. तरीही मी त्यांच्याबरोबर हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं एकच विचारलं, "त्येंचं नाव लागलं तर भोंगा यील का हितं?"

"येईल बहुतेक."

"मग लागू दे. आपल्याला नाव काय चाटायचंय? गंगी गेली, आनखी कुनी जायला नगं."

मला राग आला, पण तिचं चूक नव्हतं. नाव गिळायचं, भोंगा मिळवायचा. मी मनाशी हिशेब मांडला आणि गप्प बसले.

तर त्या दिवशी सभागृहात, बटण दाबत, मी तो हिशेब निभावत होते.

"पुढं."

पडद्यावर आईचा फोटो आला. वेळू धरलेली, उन्हानं डोळे बारीक केलेली. मी खाली लिहिलं होतं तिचं नाव आणि त्यापुढं 'निरीक्षक'. ते सरांनी परस्पर काढलं होतं. आता तिथं होतं, 'स्थानिक मजूर, बारा.'

तेही गिळलं.

"पुढं."

आता आलेख. एकच रेघ. एप्रिलची. ऑगस्टची रेघच नाही. तज्ज्ञांमध्ये एक सैन्यातून निवृत्त झालेले अधिकारी होते, त्यांनी चष्मा वर केला. "पूर तर पावसाळ्यात येतो. पावसाळ्यातली मोजणी कुठंय?"

सर शांतपणे म्हणाले, "घेतली होती सर, पण चुकीची आली. अशिक्षित बायका, त्यांना नीट समजलं नाही. म्हणून वगळली. निष्कर्ष असा, की सध्याचा भोंगा पुरेसा आहे. फक्त तो मोबाइलवरून चालवायची सोय करायची."

मग माझ्याकडं न बघता, "पुढं."

मी बटण दाबलं नाही.

"पुढं, मॅडम."

मी ज्याच्यासाठी नाव गिळलं होतं, तेच त्यांनी खोडून टाकलं होतं. या प्रस्तावानं भोंगा वस्तीला येणारच नव्हता. वर सध्याचा तिथं ऐकू येतोय असं सरकारी कागदावर कायमचं लिहिलं जाणार होतं. आणि खापर कुणाच्या डोक्यावर? उसात वेळू धरून उभ्या राहिलेल्या बायकांच्या.

"नाही," मी म्हणाले. "बायका चुकल्या नाहीत. ऑगस्टमध्ये ऊस उभा असतो. उसातून आवाज खाली पोचत नाही. सर, उसाच्या घरात जन्मलेल्या माणसाला हे मी सांगायचं? आणि त्या मजूर नाहीत. फोटोतली बाई माझी आई आहे. हे काम माझं आहे."

टाळ्या वगैरे काही झालं नाही. निवृत्त अधिकाऱ्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "हा तुमचा आपसातला मामला आहे. सगळ्यांच्या सह्या घेऊन पाठवा." तिघंही चहा पिऊन गाडीत बसून गेले.

सरांनी केबिनमध्ये अर्ज पुढ्यात सरकवला. त्यावर फक्त माझी सही राहिली होती. "करा सही. झालं गेलं विसरून जाऊ."

"ऑगस्टची मोजणी परत घाला. पहिलं नाव माझं."

"मग शिफारसपत्र मिळणार नाही."

"तसं लिहून द्या."

सर खरोखर चकित झाले. "असलं कुणी लिहून देतं का?"

तिथं माझे डोळे उघडले. चहाचं बघा, तुमच्या लोकांसाठी वेगळ्या योजना, बायकांना समजलं नाही. अकरा वर्षांत मला जे जे ऐकवलं, ते सगळं तोंडी. कागदावर मात्र कुठंच काही नाही. कागदावर भोंगा वाजतो आणि ग्रामस्थांना सूचना मिळते.

मी पेनाला टोपण लावलं आणि उठले. प्रस्ताव गेला नाही. मुदत संपली.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "पावसाळा तोंडावर हाय. आता काय करायचं?" ती मला रागानं बोलली असती तर बरं वाटलं असतं. तो पावसाळा आम्ही आळीपाळीनं नदीवर लक्ष ठेवून काढला. पाणी चढलं नाही. चढलं असतं तर सही न केल्याचं ओझं मी कुठं ठेवलं असतं, मला माहीत नाही.

यंदा योजनेची जाहिरात पुन्हा निघाली आहे. मी अर्ज पुन्हा लिहिला आहे. प्रमुख संशोधक मी. निरीक्षक म्हणून बारा बायकांची नावं, आडनावांसकट. ऑगस्टची मोजणी पहिल्याच पानावर, मागच्या ऑगस्टचीही जोडून. दोन्ही वेळा तीनच चिंध्या वर.

सोमवारी तो प्राचार्यांच्या टेबलावर ठेवणार आहे. आवक नोंदीचा शिक्का मिळाल्याशिवाय तिथून हलणार नाही. शिफारस करायची तर करा. करायची नसेल तर का नाही ते लिहा, खाली सही करा, शिक्का मारा. तो कागद घेऊन मी वर जाईन, आणखी वर जाईन.

तोंडी नकार मला यापुढं ऐकू येणार नाही.