स्कोअररने बोलायचं नसतं

सकाळचे साडेसहा. मी डबे भरत होते आणि फोनवर रुबिनाभाभींचं नाव दिसलं. इतक्या सकाळी त्यांचा फोन म्हणजे इक्बालभाईंच्या नोकरीचंच काहीतरी, असं मी धरून चालले. गेले दोन महिने आम्हाला त्याच एका गोष्टीची धास्ती होती. "बाई, हे गेले," भाभी म्हणाल्या. मी वेड्यासारखं विचारलं, "कुठे गेले?" पुतणीच्या लग्नासाठी आठ दिवसांची रजा काढून इक्बालभाई एकटेच रत्नागिरीजवळच्या गावी गेले होते. न्याहारी करून ओटीवर टेकले, ते उठलेच नाहीत. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. लेकीची परीक्षा चालू म्हणून मायलेकी इथे कतारला, दोह्यातच राहिल्या होत्या. दुपारच्या विमानात मी त्यांना बसवून दिलं. दफन त्यांच्यासाठी थांबवलं होतं का, हे विचारायचं धाडस मला नंतरही झालं नाही.

अल दुहैलमधल्या ज्या शाळेत मी गणित शिकवते, तिथल्या लायब्ररीत इक्बालभाई असिस्टंट होते. शाळेत मी सगळ्यांची मॅम. एकटे इक्बालभाई मला 'बाई' म्हणत, त्यांच्या गावच्या शाळेत म्हणत तसं. मी नाशिकची, ते कोकणातले. मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटं मराठी बोलायला मिळावं म्हणून मी त्यांच्या टेबलापाशी चहा घेऊन जायची. काही वर्षांपूर्वी एक अमेरिकन शिक्षक देश सोडून जाताना बेसबॉलच्या पुस्तकांची दोन खोकी लायब्ररीला देऊन गेला. खेळाडूंची चरित्रं, कादंबऱ्या, जुन्या सामन्यांच्या हकिगती आणि एक जाडजूड नियमपुस्तक. इक्बालभाईंनी ती उघडली ती फक्त नंबराची लेबलं चिकटवायला... आणि वाचतच बसले. तरुणपणी गावच्या क्रिकेट स्पर्धांत ते स्कोअर लिहायचे. बेसबॉलचा सामना त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, पण एका पुस्तकाच्या शेवटी छापलेला स्कोअरचा तक्ता त्यांनी पेपरातलं कोडं सोडवावं तसा सोडवला.

मग रोज चहाबरोबर बेसबॉल. "बाई, यांच्या पुस्तकांत खेळ दहा पानं आणि बाप शंभर पानं," ते म्हणायचे. "जो तो बापाबरोबर अंगणात चेंडू फेकल्याचंच लिहितो. आणि हरलेल्या सामन्यावर पुस्तक जास्त जाड!" काळ्या खेळाडूंना कित्येक वर्षं मोठ्या लीगमध्ये घेतच नव्हते, त्यांनी आपली वेगळी लीग चालवली, हे वाचल्यावर मात्र त्यांनी ते पान मला मोठ्याने वाचून दाखवलं. पण त्यांना खरी गंमत वाटे ती शाळेच्या ई-मेल्सची. अकाउंट्समधला लेबनीज साहेब अंदाजे आकडा हवा की 'बॉलपार्क फिगर' मागतो, बसचा हिशेब ठेवणारे केरळचे अच्चन अचानक अडचण आली की 'कर्व्हबॉल आला' म्हणतात, रिसेप्शनवरची फिलिपिनो मुलगी 'नंतर बोलू'ऐवजी 'टच बेस करू' असं लिहिते. "ऑफिसात सगळे बेसबॉलच बोलतात, बाई. खेळत कोणीच नाही. एवढा त्या खेळाचा दरारा, की मैदान न पाहिलेल्या माणसाच्या तोंडातही जाऊन बसलाय."

त्यांची लेक जुवेरिया आमच्याच शाळेत, कर्मचाऱ्यांच्या सवलतीत. पुस्तकातल्या चित्रांवरून बोटं चेंडूवर कशी धरायची ते त्यांनी तिला शिकवलं. एका विलाचे तुकडे करून भाड्याने दिलेल्या दोन खोल्यांत ते राहायचे, तिथल्या कंपाउंडच्या भिंतीवर दोघांचा सराव चाले. ते मराठीत सांगणार, ती इंग्रजीत उत्तर देणार. तेराव्या वर्षी ती शाळेच्या संघाची पिचर झाली, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारी. मुलं-मुली एकत्र खेळतात अशा त्या शाळांच्या लीगमध्ये नीट स्कोअर लिहिता येणारा दुसरा माणूसच नव्हता, म्हणून अधिकृत स्कोअरर झाले इक्बालभाई.

अंतिम सामना शनिवारी दुपारी होता. मी त्यांच्या शेजारीच बसले होते. शेवटचा डाव, आम्ही एका धावेने पुढे. समोरच्या शाळेचे दोन गडी बाद, दोन खेळाडू बेसवर, म्हणजे धाव पुरी करायच्या वाटेवर. आणखी एक बाद झाला की करंडक आमचा. जुवेरिया मधोमध उभी, घामाने टोपी काळी झालेली. इक्बालभाईंची पेन्सिल कागदावर टेकली, आणि थांबली. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते मैदानाकडे बघत होते, मग कागदाकडे, मग पुन्हा मैदानाकडे. "काय झालं?" मी विचारलं. "काही नाही," ते म्हणाले. त्यांच्या मानेची शीर मात्र ताठ उभी होती. फलंदाजीला एक बुटका, चष्मेवाला मुलगा आला होता. जुवेरियाने चेंडू टाकला. त्याने बॅट फिरवली आणि चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला. दोन धावा. सामना त्यांचा. त्यांची मुलं नाचायला लागली, आमची तिथेच उभी. इक्बालभाई अर्धवट उठले, ओठ हलले... आणि परत बसले. आमचा शेवटचा खेळाडू मैदान सोडून बाहेर येईपर्यंत त्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती. मग पेन्सिल उचलून शांतपणे लिहायला लागले.

काय घडलं होतं ते रविवारी कळलं, आणि तेही त्यांच्याच हस्ताक्षरात. फलंदाजीचा क्रम सामन्याआधी लिहून द्यावा लागतो. त्या क्षणी पाळी होती सहाव्या नंबरची, त्यांच्या सगळ्यांत धिप्पाड मुलाची. गोंधळात आला सातवा. आमची मुलं मैदानातून बाहेर येण्याआधी कोचने हरकत घेतली असती, तर नियमाने गडी बाद, धावा रद्द, करंडक आमचा. कोचला ते कळलंच नाही. पण नियमपुस्तकात आणखी एक ओळ आहे : क्रम चुकलेला दिसला तरी पंचाने आणि स्कोअररने कोणाच्याही नजरेस आणून द्यायचं नाही. हरकत घेणं संघाचं काम. इक्बालभाईंनी तसंच केलं, आणि नंतर स्कोअरशीटवर खरं तेच लिहून कोचच्या हातात दिलं. सहाऐवजी सात. हरकत नाही.

दुपारपर्यंत पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप पेटला. शाळेचा पगार खाऊन शाळेलाच हरवलं, असा सूर होता. घरी त्याहून वाईट. भाभींनी मला फोनवर सांगितलं, जुवेरियाने बापाच्या तोंडावर दार लावलं. "यू सॉ इट अँड यू लेट मी लूज," एवढंच म्हणाली, आणि त्यानंतर त्यांच्याशी बोलणं बंद. ताट वाढलं की आपलं ताट उचलून आत जायची.

चार दिवसांनी प्रिन्सिपलने मीटिंग बोलावली. शेजारी बसलेली म्हणून मलाही. सगळं इंग्रजीत चाललं होतं. प्रिन्सिपल म्हणाले, "तुम्हाला त्या क्षणी खरंच दिसलं होतं, की नंतर शीट भरताना लक्षात आलं? नीट आठवून सांगा." तो प्रश्न नव्हता, दार होतं. 'नंतर' एवढा एक शब्द उच्चारला असता तर विषय खलास. नोकरी गेली तर रेसिडेन्सी जाणार, मुलीची शाळा जाणार, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. इक्बालभाई म्हणाले, "त्याच क्षणी दिसलं, सर." आणि खूण घातलेलं नियमपुस्तक पुढे सरकवलं. प्रिन्सिपलने ती ओळ दोनदा वाचली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्हाला काही जाणवलं होतं का?" मला ती थांबलेली पेन्सिल आठवत होती. ते अर्धवट उठलेले आठवत होते. मी ते सांगितलं असतं तर निदान एवढं कळलं असतं, की हा माणूस तिथे दगडासारखा बसला नव्हता. पण माझंही कॉन्ट्रॅक्ट त्याच वर्षी संपत होतं. मी म्हणाले, "नाही सर. माझं लक्ष नव्हतं."

नोकरी तेवढी राहिली. स्कोअररचं काम काढून घेतलं, आणि कॉन्ट्रॅक्टबद्दल 'मे महिन्यात टच बेस करू' असं सांगण्यात आलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये इक्बालभाई हसले. "ऐकलंत ना, बाई? खेळात बेसला पाय लागला की माणूस सुरक्षित असतो. इथे?" आतल्या माझ्या उत्तराबद्दल त्यांनी एक शब्दही काढला नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझी खुर्ची नेहमीसारखी ओढून ठेवलेली होती. मे महिना उजाडायच्या आतच ते गेले.

भाभी इद्दतसाठी, नवऱ्यामागे पाळायच्या चार महिने दहा दिवसांसाठी, गावीच थांबल्या. नोकरीच संपल्यावर इथला परवाना किती दिवस टिकणार? राहिलेले दोन पेपर द्यायला आणि घर आवरायला जुवेरिया तिच्या मामांबरोबर परत आली. मी गेले तेव्हा मामा बाहेर कार्गोवाल्याशी बोलत होते आणि ती आतल्या खोलीत खोक्यांना टेप लावत होती. मी मनाशी ठरवूनच गेले होते. तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. पेन्सिल थांबली ती. ते अर्धवट उठले ते. टेबलाची कड. आणि प्रिन्सिपलसमोर मी खोटं बोलले तेही. "तुझ्या पप्पांना त्या वेळी काय होत होतं, ते मी एकटीने पाहिलं, जुवेरिया. आणि मी ते कोणालाच सांगितलं नाही."

ती टेप लावायची थांबली. तिने बोटाला चिकटलेला तुकडा सोडवला. मग बोलली, आणि मराठीत बोलली. इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच मराठी ऐकत होते.

"बाई... मला पण दिसलं होतं."

मला कळेना. ती म्हणाली, "तो मोठा मुलगा येणार होता. मी त्याला घाबरत होते. आणि तो छोटा आला. मला माहीत होतं त्याचा नंबर नाही. मला वाटलं, बरं झालं, हा सोपा आहे. म्हणून मी गप्प राहिले." नंतर हरकत घेता येते, हे तिला माहीतच नव्हतं. आणि जेव्हा कळलं, तेव्हा स्वतःबद्दल न बोलता बापावर ओरडून मोकळी झाली.

"पप्पांना सांगितलंस?" मी विचारलं.

"त्यांनीच विचारलं. गावी जायला निघाले तेव्हा. म्हणाले, तू तर समोर होतीस, तुला नाही दिसलं? मी नाही म्हटलं. जोरात."

"मग?"

"मग काही नाही. माझ्याकडे बघितलं, आणि 'बरं' म्हणाले. गाडीत बसले."

बाहेरून मामांनी हाक मारली, यल्ला, चला, गाडी आली. आम्ही दोघीही जागच्या हललो नाही.